आकाशाचा वर्ग आणि कोरी वही

खगोलशास्त्राच्या एका सार्वजनिक वर्गाचा शेवटचा दिवस होता. सभागृहात चाळीसेक माणसे होती. त्यांत डझनभर शाळाशिक्षक, अकरावी-बारावीची काही मुले, दोन-तीन निवृत्त अभियंते. प्रश्नोत्तरे चांगली रंगली होती. श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान जास्तीत जास्त किती असू शकते, असे विचारताच चार हात वर झाले आणि सूर्याच्या १.४ पट हे उत्तर बिनचूक आले. मग आमच्यापैकी एकाने सहज विचारले, "काल संध्याकाळी चंद्र कोणी पाहिला? कुठे होता?" सभागृह एकदम शांत झाले. एकाने पंचांग आठवून तिथी सांगितली. एका मुलाचा हात मोबाइलसाठी खिशाकडे गेला. आदल्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. सूर्य मावळताना अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता आणि आकाश स्वच्छ होते.

हा वर्ग आम्हीच घेतला होता. त्यामुळे पुढे जी टीका येईल ती आधी आमच्यावर आहे. नंतर अशाच आणखी काही वर्गांत आम्ही शेवटच्या रांगेत बसून पाहिले. उणिवा सगळीकडे कमी-अधिक सारख्याच निघाल्या, म्हणून त्या सांगताना कोणत्याही संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. नावे घेऊ ती केवळ ऋण म्हणून.

आणि पुण्यात ते ऋण मोठे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होते. म्हणजे शिक्षकांना शिकवणारा माणूस. त्याच काळात कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिच्यात ग्रब यांच्या कारखान्यातली २० इंची परावर्ती दुर्बीण होती आणि तेव्हा ती देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले होते. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे दुसरे महायुद्ध चालू असतानाच, २२ ऑगस्ट १९४४ रोजी, पुण्यातल्या हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिचे काम चालते. देशातल्या सर्वांत जुन्या हौशी खगोलसंस्थांत तिची गणना होते आणि खगोलशास्त्राचे वर्ग व आकाशदर्शन हे तिचे नित्याचे काम आहे. १९८८ मध्ये आयुका आली. तिथल्या शनिवारच्या व्याख्यानांनी शाळकरी मुलांना खऱ्या शास्त्रज्ञासमोर बसवले. डॉ. जयंत नारळीकरांची एक सवय या मासिकाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मुलांनी सही मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. या सवयीकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आधी या वर्गांचे चांगले काय ते नीट सांगितले पाहिजे. एक तर ते चालतात. दिवसभर बँकेत, कारखान्यात किंवा शाळेत काम करून आलेली माणसे संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या खर्चाने दुर्बीण गच्चीवर चढवतात, आणि रात्री साडेदहाला तीच दुर्बीण खांद्यावर घेऊन उतरतात. त्याचे मानधन कोणाला मिळत नाही. दुसरे म्हणजे तिथे वयाची आणि शिक्षणाची पंगत वेगळी मांडलेली नसते. नववीतला मुलगा आणि सत्तरीचे आजोबा एकाच रांगेत उभे राहून शनी पाहतात आणि दोघांच्याही तोंडून एकच वाक्य येते, "खरंच कडे आहे!" हे 'खरंच' फार मोलाचे आहे. पुस्तकातल्या चित्रावरचा विश्वास त्या क्षणी स्वतःच्या डोळ्यावर येतो. आमच्यापैकी निम्मे जण त्या एका क्षणामुळेच या छंदात पडले. तेव्हा दुर्बिणीला नावे ठेवायची आमची तयारी नाही.

तक्रार वेगळी आहे. हे वर्ग आकाश दाखवतात, आकाश पाहायला शिकवत नाहीत.

पाठ्यक्रम पाहा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी विश्वाचा पसारा, मग सूर्यमाला, मग ताऱ्यांचा जन्म-मृत्यू, आकाशगंगा, कृष्णविवर आणि शेवटी महास्फोट. मध्ये एखाद्या तासात 'मूलभूत संकल्पना' म्हणून क्रांतिवृत्त, विषुववृत्त, होरा, क्रांती असे सगळे कोंबलेले. रचना तर्कशुद्ध वाटते, कारण पुस्तकांची अनुक्रमणिका अशीच असते. पण माणसाला ज्या क्रमाने हे कळले, त्याच्या ती बरोबर उलटी आहे. माणसाने आधी सावली पाहिली, मग चंद्र, मग चंद्रामागचे तारे, मग त्या ताऱ्यांतून भटकणारे ग्रह. कृष्णविवर सर्वांत शेवटी आले. पहिल्या पायऱ्या गाळून वरच्या मजल्यावर नेलेल्या माणसाला तिथली माहिती मिळते, पण ती पडताळून पाहण्याचे एकही साधन त्याच्या हाती राहत नाही. त्याला सगळे ऐकूनच खरे मानावे लागते. आणि ऐकून खरे मानणे ही तर आपली जुनी खोड आहे. ती मोडावी म्हणूनच विज्ञानाचे वर्ग काढायचे.

चंद्राच्या कलांचे उदाहरण घेऊ. 'चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात' हा समज शाळेत तर असतोच. तो खगोलवर्ग पूर्ण केलेल्या शिक्षकांतही शिल्लक असल्याचे आम्हाला आढळले. आश्चर्य वाटायला नको. स्लाइडवर मधोमध पृथ्वी, भोवती आठ चंद्र, त्या आठांच्या बाहेर आणखी आठ चित्रे, आणि एका बाजूने सूर्याचे बाण, हे चित्र समजायला कला आधीच समजलेल्या असाव्या लागतात. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला पांढरा चेंडू द्या आणि त्याला स्वतःभोवती सावकाश फिरायला सांगा. दोन मिनिटांत प्रत्येकाला आपापल्या चेंडूवर कोर, अर्ध, पौर्णिमा, पुन्हा अर्ध असे सगळे दिसते. चेंडू अर्धा उजळलेला दिसतो तेव्हा आपल्या डोक्याची सावली त्याच्यावर नाही, हेही त्याला सांगावे लागत नाही.

मग एक मुलगी हमखास विचारते, "पण मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?" इथे मोजमाप आणावे. पृथ्वी म्हणजे चार सेंटिमीटर व्यासाचे लिंबू धरले, तर चंद्र म्हणजे एक सेंटिमीटरचे बोर, आणि ते ठेवायचे सव्वा मीटर दूर. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ते दोन बोटांवर असते. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. एवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे बोर दहा-अकरा सेंटिमीटर वर किंवा खाली जाते. लिंबाची सावली लिंबाएवढीच, पुढे निमुळती होत जाणारी. बोर तिला चुकवून जाते यात नवल काय? या खेळाला लिंबू, बोर आणि मोजपट्टी एवढेच लागते. तरीही ज्या वर्गात सव्वा लाखाची दुर्बीण असते तिथे लिंबू नसते, असा आमचा अनुभव आहे.

एवढ्यावर थांबूनही चालत नाही. चेंडूवर पाहिलेले आकाशात पाहायला महिना लागतो, आणि महिनाभर पाहणे ही गोष्ट वर्गाच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून ती कोणी सांगतच नाही. वास्तविक ज्या घरात संकष्टी केली जाते तिथे निदान महिन्यातून एकदा चंद्रोदयाकडे लक्ष असते. कॅलेंडरात त्या दिवशीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि उपास करणाऱ्या आजीला ती पाठ असते. भिंतीवर वर्षभराची सामग्री टांगलेली आहे. मुलांनी त्या बारा वेळा एका कागदावर मांडल्या तर दिसते की तिथी तीच, पण चंद्रोदय कधी साडेआठच्या आधी, कधी दहाच्या आसपास. असे का, हा प्रश्न बारावीच्या मुलालाही पुरून उरेल. आम्ही सात वर्षे वर्ग घेतले आणि हे कॅलेंडर आम्हाला आठव्या वर्षी दिसले, हे कबूल केले पाहिजे.

मराठी माणसाला आकाशाची भाषा जन्मतः मिळालेली असते. आपल्या वर्गांनी तिचा फारसा उपयोग केलेला नाही. महिन्यांची नावेच पाहा. चैत्राची पौर्णिमा चित्रेजवळ, कार्तिकाची कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षाची मृगाजवळ, माघाची मघेजवळ. ज्याला महिने पाठ आहेत त्याला पूर्ण चंद्राचा वर्षभराचा मार्ग पाठ आहे, फक्त त्याला ते कोणी सांगितलेले नसते. दुसरे उदाहरण पावसाचे. ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागते आणि शेतकरी आभाळाकडे बघतो. आम्ही शिक्षकांना विचारतो, "त्या रात्री मृग कुठे दिसेल?" पुष्कळ जण पूर्व दिशा सांगतात. काही म्हणतात, ढगांमुळे दिसत नाही. खरे असे की ढग नसले तरी मृग दिसणार नाही, कारण सूर्यच त्या भागात आहे. सूर्य मृगात आला म्हणून मृग लागले. म्हणजे मृग दिवसा डोक्यावरून जातो आणि सूर्याबरोबर मावळतो. मग पुढचा प्रश्न. सूर्याच्या प्रकाशात तारे दिसत नाहीत, तर सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे हे आपल्या पूर्वजांना कळले कसे? वर्गात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते पहाटे सूर्याच्या आधी काय उगवते ते पाहून. कोणी म्हणते पौर्णिमेच्या चंद्रावरून, कारण तो सूर्याच्या समोर असतो. जूनमधली पौर्णिमा बहुधा ज्येष्ठेच्या आसपास येते आणि आकाशाच्या वर्तुळात ज्येष्ठेसमोर मृग आहे. जे दिसत नाही ते जे दिसते त्यावरून काढायचे, हीच तर पुढे कृष्णविवर शोधण्याचीही रीत आहे. कृष्णविवर शिकवायला आमचा विरोध नाही. मुले त्याच्याच ओढीने वर्गाला येतात आणि ती ओढ खरी असते. मृगावरून तिथवर जाता येते, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुर्बीण. साठ माणसांची रांग, एक दुर्बीण, प्रत्येकाला वीस-पंचवीस सेकंद. डोळा आयपीसला लागेपर्यंत ग्रह सरकलेला असतो. "दिसला का?" "हो, दिसला." यातले किती हो खरे असतात याबद्दल आम्हाला शंका आहे. अंतराळ दुर्बिणींची रंगीत चित्रे पाहून आलेल्या माणसाला देवयानीची दीर्घिका म्हणजे करडा डाग दिसतो. तो सभ्यपणाने "छान" म्हणतो आणि पुन्हा येत नाही. २०२५ साली तर मोठीच पंचाईत झाली. मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्याच्या पातळीतून गेली आणि नंतरचे कित्येक महिने कडे जवळजवळ रेषेएवढे बारीक दिसत राहिले. कडे पाहायला आलेले लोक हिरमुसले. संयोजक क्षमा मागत होते, हे आम्ही पाहिले आहे. क्षमा कशाची? सुमारे पंधरा वर्षांनी एकदा मिळणारा हा प्रसंग होता. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना काहीतरी चिकटलेले पाहिले आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाल्याचे पाहून तो चक्रावून गेला. ज्यांनी २०२५ ची रेष चितारून ठेवली असेल आणि जे दरवर्षी एक चित्र जोडतील, त्यांच्या वहीत कड्याचा कल हळूहळू उलगडत जाईल. एका रात्रीच्या पाहण्यात ते कडे फक्त बारीक असते.

गॅलिलिओचे गुरूचे चंद्रही असेच सापडले. त्याची दुर्बीण आजच्या बाजारातल्या साध्या दुर्बिणीपेक्षा कमी प्रतीची होती. पण ७ जानेवारी १६१० पासून तो रोज रात्री गुरू आणि शेजारचे ठिपके कागदावर मांडत गेला. एका रात्रीच्या ठिपक्यांवरून काहीच सिद्ध होत नव्हते. आयो गुरूभोवती पावणेदोन दिवसांत फिरतो, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात. हे आकडे आमच्या वर्गात पाठ करून घेतले जात, आणि पाठ करणाऱ्यांनी ते ठिपके एकदाच पाहिलेले असत.

शाळेच्या शिक्षकाची अडचण तर आणखी वेगळी आहे. तो खगोलवर्ग करून परत शाळेत जातो तेव्हा त्याच्या हाती पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका असते आणि ती दिवसा असते. रात्रीचे सगळे शिकलेले तिथे निरुपयोगी. दिवसाचे आकाश आपण त्याला दिलेच नाही. खरे तर सूर्य आणि काठी यांवर पूर्ण वर्ष काढता येते. मैदानात मीटरभर उंचीची काठी सरळ रोवा आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावलीची रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. होकायंत्र नको. पण ती सावली बारा वाजता पडत नाही. आपले घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचे आहे आणि पुणे ७३.८५ वर. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याची माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी येते. हा हिशेब भूगोलाच्या तासाला मुले न चुकता करतात आणि खाली येऊन कधी पाहत नाहीत. ज्यांनी पाहिले त्यांना आणखी एक गोष्ट कळली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखूड सावली १२.१८ च्या सुमारास पडते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ च्या. सूर्य स्वतःच घड्याळाप्रमाणे चालत नाही. तो का चालत नाही, याचे उत्तर देताना पृथ्वीच्या आसाचा कल आणि कक्षेची लंबवर्तुळाकृती दोन्ही येतात, आणि मुलांनी विचारले म्हणून येतात.

काठीची सावली पूर्णपणे नाहीशी होण्याचा दिवस हल्ली वर्तमानपत्रांतही येतो. पुण्यात तो साधारण १३ मे आणि ३० जुलैच्या सुमारास असतो. पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुटीत आणि दुसरा ढगात. निसर्गाने आणि शिक्षण खात्याने मिळून केलेली ही व्यवस्था पाहून आम्ही हसतो. पण ज्या शाळेने जानेवारीपासून दर आठवड्याला आखूड सावली मोजली, तिला मे महिन्यातला शून्य न पाहताही आलेख पुढे वाढवून काढता येतो. काही मुलांनी सुटीत घरी काठी लावून तो पडताळला, तेव्हा त्यांना झालेला आनंद शनीच्या कड्यापेक्षा कमी नव्हता.

रात्रीचेही सगळे शहरात बुडालेले नाही. पुण्याच्या आकाशात आता आकाशगंगा दिसत नाही हे खरे. दिव्यांच्या उजेडाने ती गिळली. म्हणून प्रत्येक वर्गाच्या शेवटी शहराबाहेर रात्रभराची सहल काढतात. सहल आनंदाची असते. चहा, गारठा, गप्पा आणि तीन हजार तारे एकदम. पण त्या तीन हजारांत नवखा माणूस हरवतो. शहरातले पंचवीस-तीस ठळक तारे त्याला अधिक उपयोगी आहेत. ध्रुव शहरातूनही दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंशांची असते. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा थोडा कमी, साडेअठरा अंशांवर आहे. आणि पुण्याचा अक्षांशही साडेअठरा. गच्चीवर उभे राहून स्वतःच्या मुठीने अक्षांश काढता येतो, हे ऐकून भूगोलाचे शिक्षक आमच्याकडे संशयाने बघतात, मग मूठ वर करतात. सहलींत अलीकडे मेसिए मॅरेथॉनचे प्रस्थ आहे. मार्च महिन्यातल्या अमावास्येच्या आसपास एका रात्रीत मेसिएच्या यादीतल्या ११० पदार्थांपैकी जास्तीत जास्त पाहायचे. खेळ म्हणून झकास आहे. मात्र मेसिएने ती यादी केली ती धूमकेतू शोधताना या डागांनी फसू नये म्हणून. ज्यांच्याकडे त्याला लक्ष द्यायचे नव्हते त्यांच्यामागे आपण रात्रभर धावतो, ही गंमत धावणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

फलज्योतिषाबद्दल थोडक्यात. प्रत्येक वर्गात त्यावर एक तास असतो आणि तो बहुधा थट्टेत जातो. थट्टेने कोणाचे मत बदललेले आम्ही पाहिले नाही. त्यापेक्षा २००८ साली पुण्यात नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेली चाचणी सांगावी. बुद्धिमान आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर आलेली सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. चाचणी कशी रचली, दोन्ही गट का हवेत, नाण्याशी तुलना का, एवढ्यावर तास लावला तर तो विज्ञानाचा तास होतो.

आता परीक्षा आणि प्रमाणपत्र. आमच्या परीक्षेत रिकाम्या जागा भरा असत. गुरूला चंद्र किती, व्याधाचे अंतर किती प्रकाशवर्षे. गुरूच्या चंद्रांचा आकडा तर दर एक-दोन वर्षांनी बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे पहिले आलेले या वर्षी नापास होतील. मनात येते, इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकला या परीक्षेत किती गुण मिळाले असते? त्याला ऐकू येत नसे. ययाति तारकासमूहातला मायावती तारा ठरावीक काळाने मंद होतो, हे त्याने नुसत्या डोळ्यांनी रात्रीमागून रात्री पाहून काढले आणि १७८३ साली तो काळ दोन दिवस एकवीस तासांच्या जवळ असल्याचे कळवले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आपल्याकडे बंगालात जेसोरच्या सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र कारकुनी करीत. मॅट्रिकच्या परीक्षेत ते एकापेक्षा अधिक वेळा नापास झालेले. १९१८ साली गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांनी स्वतःहून टिपला. पुढे चलताऱ्यांची त्यांनी तीस हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवून अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली आणि त्यांना तिकडून दुर्बीण आली. दुर्बीण आली ती नोंदींच्या मागून.

या सगळ्याचा विचार करून आम्ही वर्ग बदलला. नारळीकरांच्या पोस्टकार्डाची युक्ती थोडी फिरवली. प्रत्येक बैठकीची पहिली वीस मिनिटे वहीवाचनाची. आठवड्यात काय पाहिले ते तारीख, वेळ, दिशा यांसह वाचायचे आणि एक प्रश्न विचारायचा. 'ढग होते' हीही नोंद. प्रमाणपत्र परीक्षेवर नाही, वहीवर. कृष्णविवर शेवटच्या दोन बैठकींत.

हा बदल फुकट झालेला नाही. तिसऱ्या आठवड्यात निम्मी खुर्च्यांची रांग रिकामी झाली. "आम्ही शिकायला आलो होतो, गृहपाठ करायला नाही," असे एका गृहस्थांनी जाताना सांगितले आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दिवसभर दमून आलेल्या माणसाला सुंदर चित्रे पाहण्याचा हक्क आहे. सहकाऱ्यांतही मतभेद झाले. संस्था लोकवर्गणीवर चालतात, खुर्च्या रिकाम्या ठेवून भागत नाही, असे एक मत. सर्वांसाठी व्याख्यानमाला वेगळी आणि शिक्षकांसाठी वहीचा वर्ग वेगळा असावा, असे दुसरे. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पण दोन्ही चालवायला माणसे पुरत नाहीत, आणि हा पेच अजून सुटलेला नाही. काही वह्याही निराशाजनक निघाल्या. दोघांनी मोबाइलवरच्या नकाशावरून नोंदी उतरवल्या होत्या. मुसळधार पावसाच्या रात्री त्यांना रोहिणी स्पष्ट दिसली होती, म्हणून पकडले गेले.

एका शिक्षिकेची वही मात्र आमच्याकडे पाहायला ठेवली आहे. पहिली सहा पाने जवळजवळ ढगांची. मग एका संकष्टीची नोंद आहे. 'कॅलेंडरात चंद्रोदय ९.०३. अंगणातून दिसला ९.४० ला. समोर पाच मजली इमारत.' त्याच्याखाली वेगळ्या शाईत तिच्या वर्गातल्या एका मुलाचा प्रश्न आहे, 'बाई, चंद्र किती उशिरा दिसला यावरून इमारतीची उंची काढता येईल का?' आणि त्याखाली पुन्हा तिचे अक्षर. '३७ मिनिटे. चार मिनिटांना साधारण एक अंश, म्हणजे नऊ अंश. इमारत किती लांब ते उद्या पावलांनी मोजायचे.'